आपल्या सर्व्हरवर म्युझियम काढायचंय? सारखे सारखे विचारले जाणारे प्रश्न

मायनक्राफ्ट म्हणजे ठोकळ्यांनी जग बांधायचा गेम, त्याच्या एका छोट्या सर्व्हरवर (सगळ्यांच्या सामायिक जगात) आम्ही पाच जण मिळून म्युझियम चालवतो. सर्व्हर घरगुतीच आहे, शनिवारी रात्री गर्दी झाली तरी पंचवीस-तीस डोकी, त्यातली निम्मी शेती करत बसलेली. पण म्युझियमचे फोटो इकडेतिकडे फिरले आणि तेव्हापासून रोज कुणीतरी विचारतं की आम्हालाही काढायचंय, कसं करू. दर वेळी तेच टाइप करून बोटं दुखली म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. हे सगळं जावा एडिशनच्या, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या मायनक्राफ्टच्या हिशोबाने आहे (मोबाईलवरचं ते बेडरॉक), जिथे मोबाईलवाल्यांना फरक पडतो तिथे तसं सांगितलंय.

म्युझियम म्हणजे नक्की काय? भारी बिल्ड्स दाखवायची जागाच ना?

नाही, ती शोरूम झाली. शोरूममधे तुम्ही काय बनवू शकता ते दिसतं, म्युझियममधे सर्व्हरवर काय घडलं ते दिसतं. पुण्यात बाजीराव रोडजवळचं केळकर संग्रहालय ज्यांनी पाहिलंय त्यांना लगेच कळेल, तिथे दिनकर केळकरांनी जन्मभर फिरून जमवलेले अडकित्ते आहेत, दिवे आहेत, जुने दरवाजे आहेत, म्हणजे लोकांच्या घरात रोज वापरात असलेल्या वस्तू. राजाचा मुकुट बघायला कुणी तिथे जात नाही आणि तरी दोन तास कसे जातात कळत नाही. आम्हाला तसं काहीतरी हवं होतं.

आमचा सर्व्हर तीन महिन्यांचाच आहे, ठेवायला काहीच नाही, अजून थांबू का?

अजिबात थांबू नका! जुनं झाल्यावर काढू म्हणणारे सगळे पस्तावतात, कारण तोपर्यंत पहिल्या रात्रीची मातीची झोपडी कुणीतरी पाडून तिथे आयर्न फार्म (आपोआप लोखंड देणारी यंत्रणा) टाकलेला असतो. आमच्याकडे हेच झालं. पहिल्या दिवशी सात जण ज्या खड्ड्यात रात्रभर लपून बसले होते तो खड्डा आता नाही, त्याचा एक स्क्रीनशॉट आहे आणि त्यातही अर्ध्या स्क्रीनवर चॅट उघडी आहे. आज एक डबल चेस्ट (मोठी पेटी) ठेवा, वर पाटी लावा 'म्युझियमसाठी', एवढं पुरे. इमारत नंतर होते.

कुठल्या वस्तू घ्यायच्या? रेअर कुठल्या?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आणि सगळ्यात जास्त लोक चुकतातही इथेच, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिलं म्हणजे गेममधल्या रेअर वस्तूचं कौतुक दोन दिवस टिकतं. ड्रॅगन एग जगात एकच मिळतं, पहिला ड्रॅगन मारल्यावर, ते ठेवाच. (पण नुसतं जमिनीवर ठेवू नका, कुणी हात लावला की ते उडी मारून दुसरीकडे जातं, आम्ही एकदा अर्धा तास छपरावर शोधत होतो. फ्रेममधे लावा.) एन्चँटेड गोल्डन अॅपल (जादूचं सोनेरी सफरचंद) गेमच्या १.९ व्हर्जनच्या आधी आठ सोन्याचे ब्लॉक आणि एक सफरचंद लावून बनवता यायचं, २०१६ मधे ती रेसिपी काढून टाकली, तेव्हा तुमचं जग त्याच्याही आधीचं असेल आणि कुणाच्या पेटीत हाताने बनवलेलं पडलं असेल तर त्याला अर्थ आहे. पण तो अर्थ कशात आहे? दिसायला ते आज खजिन्यात सापडणाऱ्या सफरचंदासारखंच दिसतं, काडीचा फरक नाही. फरक फक्त एवढाच की कुणीतरी सांगू शकतो की हे मी अमक्या वेळी, अमक्याच्या बेसवर बसून बनवलंय.

आता आमच्या म्युझियममधली लोकांना सगळ्यात आवडणारी वस्तू सांगतो. अर्धवट खाल्लेला केक. गेममधे केकचे सात तुकडे असतात, एकेक करून खाता येतात. आमच्यातल्या एकाचा वाढदिवस होता, परीक्षा तोंडावर म्हणून प्रत्यक्षात कुणी भेटणार नव्हतं, म्हणून सर्व्हरवरच केक ठेवला. तेव्हा सर्व्हर एकाच्या घरच्या पीसीवर चालायचा. चौघांनी एकेक तुकडा खाल्ला, पाचवा पुढे आला आणि त्या घरची लाईट गेली. लाईट आली दुसऱ्या दिवशी, तोवर जो तो अभ्यासाला लागला होता आणि सर्व्हर पुढचे दोन महिने बंदच राहिला. परत चालू केला तेव्हा टेबलावर तीन तुकडे उरलेला केक तसाच, बाजूला चार जणांनी टाकलेल्या पाट्या, त्यातल्या एकीवर 'HBD भा' एवढंच. (HBD म्हणजे हॅपी बर्थडे.)

गंमत अशी की ठेवलेला केक गेममधे उचलता येत नाही. फोडला तर हातात काहीही पडत नाही, नाहीसाच होतो. म्हणजे तो म्युझियममधे नेताच येत नव्हता. मग आम्ही म्युझियमच केकभोवती बांधलं. लोकांना वाटतं जागा विचार करून निवडली, तर नाही, केक तिथे होता म्हणून.

तेव्हा काय घ्यायचं तर ज्याच्यामागे गोष्ट आहे ते. एका पोराने पहिल्यांदा हिरा सापडल्यावर घाबरून ज्या दगडी कुदळीने खणायला सुरुवात केली ती (हिरा दगडी कुदळीने फोडला तर हिरा मिळत नाही, ते त्याला नंतर कळलं), गावच्या भांडणात वाटणी म्हणून टाकलेल्या कुंपणाचे दोन खांब, एकाने निघून जाताना पेटीत ठेवलेली चावलेली-चघळलेली आयर्न चिलखतं. असलं.

वस्तू खरी आहे कशावरून? कुणीही तशी तलवार बनवून आणेल की.

आणेल ना, आणलीये. दोन डायमंड तलवारी शेजारी ठेवल्या तर कुठली कुणाची हे गेम सांगत नाही. त्यात डुप्लिकेशनच्या ट्रिका, क्रिएटिव्हमधून (हवं ते फुकट देणाऱ्या मोडमधून) काढलेल्या वस्तू, सगळं दिसायला सारखंच. ऐरणीवर नाव घालून आणतात, 'पहिली तलवार' म्हणून, पण ऐरण सगळ्यांकडेच आहे, नावाला काडीची किंमत नाही.

गेममधे बऱ्यापैकी भरवसा ठेवता येईल अशी एकच वस्तू आहे, सही केलेलं पुस्तक. पुस्तक सही करून बंद केलं की मजकूर बदलता येत नाही, लेखक म्हणून त्याचं नाव चिकटतं, आणि ते मूळ प्रत आहे का प्रतीची प्रत हेही त्यावर दिसतं. प्रतीच्या प्रतीची पुढे प्रत निघत नाही. म्हणून आमचा नियम असा की जो वस्तू देतो त्याने स्वतः पुस्तकात लिहून सही करायची, की ही काय आहे, कुठून आली, मी का देतोय. दोन ओळी चालतील. पुस्तक नाही तर वस्तू नाही, मग ती कितीही भारी असो. आणखी एक, नंतर कुणी युजरनेम बदललं तरी पुस्तकावर जुनंच नाव राहतं, आमच्याकडे एकाची तीन पुस्तकं तीन वेगवेगळ्या नावांनी आहेत आणि तो आता त्यातल्या एका नावाबद्दल बोलू देत नाही.

ब्लॉक असेल, उचलून आणलेला नाही तर जागेवरच असेल, तर कोअरप्रोटेक्ट या प्लगइनमधे (सर्व्हरला जोडायच्या जादा प्रोग्राममधे) कुणी कधी ठेवला ते निघतं. तो प्लगइन पहिल्या दिवसापासून टाकलेला असेल तरच, नंतर टाकून मागचं कळत नाही.

लेबल कसं लिहायचं? मराठीत लिहिता येतं का?

लिहिता येतं, वाचता येत नाही, असं म्हणूया. जावामधे देवनागरी उमटतं पण जोडाक्षरं सुटी पडतात, वेलांट्या भलतीकडे जातात, 'स्मृती' लिहिलं तर काय होतं ते एकदा करून बघा. त्यामुळे पाट्यांवर आम्ही रोमन लिपीत मराठी लिहितो, आपण चॅटवर लिहितो तसंच, आणि खरी नोंदवही गेमबाहेर शेअर्ड शीटमधे शुद्ध देवनागरीत ठेवतो.

पाटीला चार ओळी असतात आणि ओळीत जेमतेम पंधरा अक्षरं मावतात. म्हणून पाटीवर फक्त नाव आणि नोंदीचा नंबर, बाकी सगळं शेजारच्या लेक्टर्नवरच्या (पुस्तक ठेवायच्या स्टँडवरच्या) पुस्तकात. जावात पुस्तकाला शंभर पानं मिळतात, बेडरॉकमधे पन्नास, पण भावा कुणी तीन पानांच्या पुढे वाचत नाही हे मनाशी धरून लिहा. सगळ्यात चांगलं लेबल लिहिलंय आमच्यातल्या एका नववीतल्या मुलीने, एका लाकडी होडीवर. 'ही होडी घेऊन आम्ही दोघं बेट शोधायला गेलो. बेट नव्हतं. परत येताना मजा आली.' याच्यापुढे मी काय लिहिणार.

'अत्यंत दुर्मिळ', 'ऐतिहासिक', 'लेजेंडरी' हे शब्द आमच्याकडे बंद आहेत.

जागा कुठे घ्यायची?

स्पॉनपासून (नवा माणूस जगात जिथे उगवतो तिथून) चालत दोन मिनिटांत. नव्या माणसाकडे ना जेवण ना घोडा ना एलिट्रा (उडायचे पंख), तो हजार ब्लॉक तुडवत तुमचं म्युझियम बघायला येणार नाही. लांबच घ्यायची असेल तर नेदरमधून (गेममधल्या पाताळातून) रस्ता काढा, तिथला एक ब्लॉक म्हणजे वरचे आठ, शंभर ब्लॉक चालून आठशे ब्लॉक अंतर पडतं. पण नेदरच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी भिंत घाला, नाहीतर पाहुणा लाव्हात आणि त्याची तक्रार तुमच्याकडे.

स्पॉनला अगदी चिकटून पण नको. सर्व्हरच्या सेटिंगमधे स्पॉन प्रोटेक्शन असतं, न बदलता सोळा, त्या टापूत ऑप (सर्व्हरचे सगळे अधिकार असलेला) सोडून कुणालाच काही लावता येत नाही. ते बघून घ्या, नाहीतर तुमच्याच म्युझियममधे तुम्हाला मशाल लावता येणार नाही.

इमारत केवढी बांधू?

लहान. आणि वाढवता येईल अशी. पहिल्यांदाच राजवाडा बांधायला घेतात, तीन आठवडे छप्पर चाललेलं असतं, मग उत्साह संपतो आणि आत सहा वस्तू. आम्ही एका दालनाने सुरुवात केली, आता चार आहेत, आणि ती एकमेकांना धड जुळतही नाहीत, एक दगडी आहे, एक नुसत्या बर्चचं आहे कारण तेव्हा बर्चच होतं.

छप्पर तांब्याचं केलं ते मात्र बरं झालं. तांबं आपोआप हिरवं पडत जातं, आणि मधमाशांचं मेण लावलं की तिथेच थांबतं. आम्ही पहिल्या दालनाला मेण लावलं नाही, मुद्दाम. चारही दालनं वेगवेगळ्या वेळी बांधली त्यामुळे कुठलं किती जुनं ते लांबूनच रंगावरून कळतं.

फ्रेम, आर्मर स्टँड, पुतळे... लॅग होतो का?

होतो. आयटम फ्रेम ही गेमच्या दृष्टीने ब्लॉक नसून एन्टिटी (गेमला सतत वेगळी सांभाळावी लागणारी वस्तू) आहे, एका खोलीत दोनशे फ्रेम लावल्या की साध्या लॅपटॉपवाल्याचा गेम रांगायला लागतो. एका नजरेत चाळीस-पन्नासच्या वर दिसू देऊ नका, मधे भिंती घाला. फ्रेमला कुणी ठोसा मारला की वस्तू बाहेर पडते, आणि जमिनीवर पडलेली वस्तू पाच मिनिटांत गायब होते, हे कायम डोक्यात ठेवा. ऑप असाल तर फ्रेमला फिक्स्ड करायची कमांड आहे, ती वापरा, मग ती हलतच नाही.

आर्मर स्टँडला (चिलखत अडकवायच्या पुतळ्याला) जावात हात नसतात, तलवार धरलेला मावळा उभा करायचा असेल तर कमांड लागते. बेडरॉकमधे हात असतात, पोजही बदलते, तिथले लोक या बाबतीत सुखी.

पुस्तकांसाठी चिझल्ड बुकशेल्फ घ्या, १.२० पासून आहे, एकात सहा पुस्तकं राहतात आणि भरलेलं दिसतंही. त्याच व्हर्जनमधे उत्खनन आलं, ब्रशने वाळू झाडून खापरं काढायची आणि चार खापरं जोडून मडकं करायचं, म्युझियमला याच्याइतकं शोभेल असं काहीच नाही. फक्त ते मडकं हलवायचं असेल तर रिकाम्या हाताने फोडा, तलवार किंवा कुदळ हातात असेल तर परत खापरंच मिळतात.

चोरी, तोडफोड याचं काय?

वर्ल्डगार्ड प्लगइनने पूर्ण इमारतीत फोडणं-लावणं बंद करा, कोअरप्रोटेक्ट चालू ठेवा, ऑपचे अधिकार दोघांनाच. मॉबग्रीफिंग (राक्षस वगैरेंना जगाची मोडतोड करू देणारं सेटिंग) बंद करता येत नसेल (काही लोकांना गावकऱ्यांची शेती चालू हवी असते, ती यानेच बंद पडते) तर आत सगळीकडे उजेड ठेवा, १.१८ पासून अगदी शून्य उजेड असेल तिथेच राक्षस येतात त्यामुळे थोड्या दिव्यांत भागतं. लाकडी छपरावर लाइटनिंग रॉड लावा.

माणसांचं सांगायचं तर मुद्दाम तोडणारे फार कमी असतात. आमच्याकडे बहुतेक नुकसान हौशी पाहुण्यांनी केलंय, हे उघडून बघू, ते दाबून बघू, यातून. २०१४ मधे डेन्मार्कच्या सरकारी नकाशा खात्याने अख्खा देश एकास एक मापात मायनक्राफ्टमधे बांधून लोकांसाठी खुला केला होता, तिथेही काही दिवसांत लोकांनी सुरुंग लावून इमारती उडवल्या आणि अमेरिकेचे झेंडे लावले. देशाचं हे झालं, आपलं काय.

केकच्या उरलेल्या तीन तुकड्यांतला एक खाल्ला गेला म्हणतात, रोलबॅक (सगळं होतं तसं परत आणणं) का नाही केला?

हा प्रश्न येणार माहीत होतं.

झालं असं की एक पाहुणा आला, भूक लागलेली, समोर केक, राइट क्लिक. खाऊन झाल्यावर त्याने लेबल वाचलं. पुढची दहा मिनिटं तो बिचारा चॅटवर नुसता सॉरी सॉरी लिहीत होता. आता अॅडमिनला एका कमांडने तीन तुकड्यांचा केक परत ठेवता आला असता, त्याने विचारलंही. आमच्यात त्यावरून जाम भांडण झालं. दोघं म्हणाले ठेवा, कुणाला कळणार आहे. तिघं म्हणालो की कुणाला कळणार नाही हाच तर प्रॉब्लेम आहे, आपण पाहुण्यांकडून सही केलेली पुस्तकं मागतो आणि स्वतः मात्र खोटा केक ठेवणार. ज्याचा वाढदिवस होता त्याला शेवटी फोन केला, तो म्हणाला, अरे बरंय की, कुणीतरी खाल्ला एकदाचा. झालं, विषय संपला. आता दोन तुकडे आहेत आणि लेक्टर्नवर त्या पाहुण्याने स्वतः लिहून सही केलेलं एक पान आहे. लोक केकपेक्षा ते पान जास्त वाचतात.

काच लावून बघितली, बेकरीच्या काउंटरसारखं दिसायला लागलं, काढली. वर्ल्डगार्डमधे पाहुण्यांचं 'यूज' बंद केलं तर दारं आणि बटणं पण बंद पडतात. शेवटी केकमागे कंपॅरेटर (मोजून सिग्नल देणारा ठोकळा) लावलाय, उरलेल्या प्रत्येक तुकड्यामागे तो दोन सिग्नल देतो, आता चार देतोय, चारचा दोन झाला की आमच्या ऑफिसात घंटा वाजते. ऑफिस म्हणजे एक बेड आणि एक भट्टी.

दुसऱ्याची मॅप आर्ट लावली तर चालेल का?

विचारून. मॅप आर्ट म्हणजे १२८ गुणिले १२८ ब्लॉकचं चित्र जमिनीवर अंथरायचं, म्हणजे सोळा हजारांवर ब्लॉक एकेक करून, आणि मग त्याचा नकाशा काढायचा. महिनाभराचं काम असतं ते. आणि त्याची प्रत मात्र एका कोऱ्या नकाशात निघते. बनवणाऱ्याने कार्टोग्राफी टेबलवर काचेची तावदानं लावून नकाशा लॉक केला तरी तो बदलत नाही एवढंच, प्रती निघतच राहतात. तेव्हा परवानगी, नाव, आणि मूळ प्रत त्याच्याकडेच.

अजून एक धोक्याची गोष्ट. नकाशाच्या वस्तूत चित्र नसतंच, नुसता नंबर असतो, चित्र सर्व्हरच्या डेटा फोल्डरमधे असतं. वस्तू दुसऱ्या जगात नेली आणि ती फाइल नेली नाही तर कोरा कागद मिळतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे त्या नंबरचा दुसऱ्याच कुणाचा तरी नकाशा.

आम्ही सगळे मोबाईलवर खेळतो, जावा सर्व्हरवर येता येईल?

सर्व्हरवर गीझर आणि फ्लडगेट हे प्लगइन टाकले असतील तर येईल, वेगळं जावा अकाउंट पण लागत नाही. तुमच्या नावापुढे एक टिंब दिसेल, ते तसंच असतं, कुणी चिडवत नाहीये. आमचे निम्मे देणगीदार टिंबवालेच आहेत.

तिकीट लावू का? देणग्या?

गेममधलं पाचू वगैरे घ्या खुशाल, आम्ही पेटी ठेवलीये, तिच्यात मुख्यतः बटाटे येतात. खरे पैसे घेणार असाल तर मायनक्राफ्टचे नियम नीट वाचा, पैसे देणाऱ्याला खेळात बाकीच्यांवर वरचढ करेल असं काही विकायला मनाई आहे, २०१४ पासून ते याबाबत कडक आहेत. सर्व्हरच्या भाड्यासाठी वर्गणी काढणं वेगळं. आम्ही गणपतीसारखी काढतो, आणि गणपतीसारखेच तेच चार जण देतात.

मुलगा म्हणतो मी म्युझियमचा क्युरेटर आहे, हे काय प्रकरण आहे? (एका काकूंचा मेसेज)

काकू, काळजी करू नका. तो जुन्या वस्तूंची नोंदवही लिहितो, लोकांना विचारून त्यांच्या आठवणी टिपून घेतो, आणि खरं सांगू का, त्याचं मराठी टायपिंग आमच्या सगळ्यांपेक्षा शुद्ध आहे. दिवाळीत अंगणात किल्ला करतात ना, मावळे मांडतात, अळीव पेरतात, शेजारचे बघायला येतात, तसंच आहे हे, फक्त दिवाळी झाल्यावर मोडायचा नाही. परीक्षेच्या काळात आम्ही त्याला आत घेत नाही, त्याला विचारा.

याच निमित्ताने सगळ्यांना सांगतो, लेबलवर खरी नावं, शाळा, गाव, फोन, फोटो यातलं काहीही नको. युजरनेम बास. देणारा स्वतः लिहून देत असला तरी नको, विशेषतः लहान असेल तर. आणि कुणी म्हणालं माझी वस्तू काढा तर कारण न विचारता काढायची.

असं आधी कुणी केलंय का, का तुमचंच डोकं?

आमचं कसलं. १९९७ मधे आलेल्या अल्टिमा ऑनलाइनमधे खेळाडू स्वतःच्या घरांत म्युझियम मांडायचे, बनवणाऱ्यांच्या नजरचुकीने उचलता आलेल्या वस्तू, जगात मोजक्याच असलेल्या, असलं सगळं. आणि मायनक्राफ्टमधलं सगळ्यात गाजलेलं म्हणजे अनसेन्सर्ड लायब्ररी, रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स या पत्रकारांच्या संस्थेने १२ मार्च २०२० ला उघडलेली. ज्या देशांत बातम्या दाबल्या जातात तिथल्या पत्रकारांचे लेख तिथे गेममधल्या पुस्तकांत घालून ठेवलेत, कारण वेबसाइट बंद केल्या तरी गेम चालू होता. सुरुवातीला इजिप्त, मेक्सिको, रशिया, सौदी अरेबिया आणि व्हिएतनाम असे पाच देश होते, आणि इमारतीला सव्वा कोटी ब्लॉक लागले. जाऊन बघा, फुकट आहे. घुमट बघून न्यूनगंड येईल, पण शेवटी तिथेही लेक्टर्न आणि पुस्तकच आहे.

सर्व्हर बंद पडला तर?

पडणारच, कधी ना कधी. अल्टिमामधे घराकडे मालक फिरकला नाही की घर हळूहळू मोडकळीला यायचं आणि एक दिवस कोसळायचं, आतल्या वस्तू उघड्यावर पडायच्या आणि त्या वेळेची वाट बघत लोक आधीपासून बाहेर घोळका करून उभे असायचे. म्युझियमं पण गेली त्यात.

आमचा मधला एक सर्व्हर भाड्याच्या होस्टिंगवर होता, ज्याच्या कार्डावरून पैसे जायचे त्याचं कार्ड बदललं, मेल गेले स्पॅममधे, आणि कळलं तोवर फाइल्स पुसल्या गेल्या होत्या. वाचलो ते एकाने स्वतःच्या लॅपटॉपवर कधीतरी कॉपी करून ठेवली होती म्हणून, ती पाच आठवडे जुनी निघाली, त्या पाच आठवड्यांत आलेल्या सगळ्या वस्तू गेल्या. काहींची पुस्तकं लोकांनी आठवून परत लिहिली, त्यावर तसं नमूद केलंय.

तेव्हापासून दर रविवारी अख्ख्या जगाच्या फोल्डरची कॉपी, नुसत्या म्युझियमची नाही, कारण नकाशांच्या फाइल्स वेगळ्या फोल्डरात असतात हे वर सांगितलंच. तिघांच्या घरी तीन. नोंदवही गेमबाहेर. आणि प्रत्येक लेक्टर्नच्या पानांचे फोटो, म्हणजे सगळं गेलं तरी कुणी काय लिहिलं होतं ते राहतं. वस्तू परत बनवता येते हो, कुदळीला काय लागतं, तीन दगड आणि दोन काठ्या.

उद्घाटन कसं करायचं?

रविवारी, भारतातल्या रात्री नऊला. उन्हाळ्यात न्यू जर्सीवाल्यांचे तेव्हा सकाळचे साडेअकरा असतात, ते चहा घेऊन बसतात. पंधरा-पंधराच्या तुकड्या करून आत सोडा, नाहीतर दारातच लॅग होतो. फीत कापायची हौस असेल तर दोऱ्या ताणून कात्रीने कापा, ट्रिपवायर कात्रीने कापला तर वाजत नाही. भाषण नको, आमच्याकडे एकाने केलं, सगळे चॅटवर बेडकाचे इमोजी टाकत होते.

तुमचं बघायला यायचंय, काही नियम?

या की. स्पॉनवरून हिरव्या छपराकडे चालत या, दारात एक बॅरल आहे, त्यात भाजलेले बटाटे असतात, कुणी ना कुणी भरून ठेवतं. आत शिरायच्या आधी भुकेचा बार पूर्ण भरेपर्यंत खा. पोट भरलेलं असलं की केक खाता येत नाही.